हा मुनवा कुठल्या केळीचा? थंडीच्या गावातली केळ ओळखताना

सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी एका काकूंनी मला मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, दिला. किराणाच्या पिशवीत बुडाशी मातीचा गोळा आणि वर हातभर हिरवा कोंब. "वेलची आहे हो, आमच्या वसईकडची. लाव कुंपणाशी, काही बघावं लागत नाही." खरोखरच काही बघावं लागलं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या परसात दोन उन्हाळ्यांत त्याचं बेट झालं. हिवाळ्यात पाचोळ्याखाली झाकलेला बुंधा वाचला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात केळ निसवली. घरात उत्सव. दोन महिन्यांनी बोटाएवढी केळी सोलली, तर आत गर नावापुरता आणि बाकी मिरीपेक्षा मोठ्या काळ्या कडक बिया. वेलची नव्हतीच ती. होती बासजू, थंडी सोसणारी पण खायच्या कामाची नसलेली केळ.

काकूंनाही तो कुणीतरी तसाच सांगून दिला होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात केळी अशाच फिरतात, कुंपणावरून, देवळाच्या पार्किंगमधून, कुणी घर बदललं की मागे राहिलेल्या कुंड्यांतून, आणि नाव प्रत्येक हाताबरोबर बदलत जातं. टेक्सास, जॉर्जिया, कॅरोलायना अशा ठिकाणी नवीन राहायला आलेल्या आणि परसात केळ लावू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहितो आहे. हातात आलेला मुनवा कसला, हे झाडाकडूनच कसं विचारून घ्यायचं, एवढाच विषय.

आधी थंडीचा हिशेब

जळगावात पारा दहाच्या खाली गेला की केळीवाले बागेभोवतीच्या शेवरीकडे बघतात आणि रात्री धूर करतात. इथला हिशेब शून्याच्या खालचा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नकाशा आहे. त्यात दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवरून देशाचे पट्टे पाडलेत. ८अ पट्टा म्हणजे साधारण उणे १२ ते उणे ९ सेल्सिअस, ७ब म्हणजे उणे १५ ते उणे १२. नकाशा २०२३ साली नव्याने आला आणि बरीच गावं अर्ध्या पट्ट्याने वर सरकली. आपला पिनकोड घालून पट्टा बघून ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. "ही केळ थंडी सोसते" या वाक्याला तसा अर्थ नसतो. कोणता भाग सोसतो, हे विचारायला हवं. पान जवळजवळ सगळ्याच केळींचं पहिल्या दहिवराला काळं पडतं. आपण ज्याला खोड म्हणतो ते खोड नव्हेच, एकात एक गुंडाळलेले पानांचे सोप आहेत. ते उणे दोन-चारला मऊ पडायला लागतात, थोडे चिवट वाण जरा पुढे जातात. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. तो पाचोळ्याच्या जाड थराखाली जगला की वसंतात झाड परत येतं. दुकानातल्या पाटीवर "उणे १५ पर्यंत टिकते" असं लिहिलेलं असतं, ते या कंदाबद्दल. घड मात्र तेव्हाच मिळतो जेव्हा वरचा बुंधाही वाचतो, कारण केळीला फुलण्याआधी तीस-चाळीस पानं काढावी लागतात आणि १५-१६ अंशांच्या खाली ती पान काढणं जवळपास थांबवते. सहा महिन्यांच्या उन्हाळ्यात शून्यापासून हे जमत नाही.

म्हणून ओळख पटवायची ती नावाच्या हौसेसाठी नाही. हिवाळ्यात काय झाकायचं, काय खणून गराजमध्ये न्यायचं आणि कशाकडून फळाची आशाच धरायची नाही, हे त्यावर ठरतं.

पायरी पहिली: केळच आहे ना?

हसू नका. कर्दळीची एक उंच जात इथे "बनाना कॅना" म्हणून मिळते आणि दोन फुटांची असताना भल्याभल्यांना फसवते. कर्दळीला मधोमध खरा दांडा असतो आणि पानं त्यावर अंतराअंतराने फुटतात. केळीत सगळी पानं एकाच नळीतून, पोंग्यातून वर येतात. दुसरी फसवणूक पांढऱ्या 'बर्ड ऑफ पॅराडाइज'ची. तिची पानं हुबेहूब केळीची, पण वरून बघितलं तर ती समोरासमोर दोनच ओळींत, पंख्यासारखी लागलेली दिसतात. केळीची पानं गोल जिन्यासारखी फिरत लागतात. आणि शेवटचा पुरावा म्हणजे चीक. देठ कापल्यावर पाण्यासारखा चीक आला आणि शर्टावर तपकिरी डाग पडून तो धुतल्यावरही राहिला, तर केळच. जुना शर्ट घालूनच कापायला जा.

पायरी दुसरी: मुनवे येतात का, आणि कुठे?

झाड वर्षभराचं होऊनही बुडाशी एकही मुनवा नाही, बुंधा खाली फुगून हंड्यासारखा झालाय, पानांना देठ असून नसल्यासारखा, तर ती 'मुसा', म्हणजे नेहमीच्या केळींच्या कुळातली, नव्हे, तिच्या चुलत कुळातली 'एन्सेटे' आहे. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात गडांच्या कड्यांवर जी रानकेळ उगवते, काही भागांत जिला चवई म्हणतात, ती याच कुळातली. ती उन्हाळ्यात पार वाळते, कंद कातळात दडून राहतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा डोकं वर काढते. इथल्या दुकानांत याच कुळातली लालसर तांबूस पानांची ॲबिसिनियन केळ, 'मॉरेली', फार खपते. दिसायला राजबिंडी, पण तिचा कंद गोठलेल्या जमिनीत टिकत नाही. थंडीआधी उपटून, पानं छाटून, मुळांची माती झटकून कोरड्या गराजमध्ये उलटी ठेवतात. एन्सेटे आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते, मागे मुनवा ठेवत नाही. त्यामुळे "मुनवा देईन" असं कुणी म्हणालं, तर ती एन्सेटे नाही हे आपोआप ठरतं.

मुनवे आहेत, पण आईपासून हातभर, दोन हात लांब गवतातून वर येताहेत? मग 'मुसा इटिनेरन्स' असण्याचा संभव मोठा. चीन-म्यानमारकडची ही जात 'मेकाँग जायंट' नावाने विकतात. बहुतेक बाकीच्या केळींचे मुनवे आईला चिकटून येतात.

मुनवा घेताना एक बघायचं. तलवारीसारखी अरुंद पानं असलेला मुनवा चांगला, त्याचा कंद जाड असतो. लहानपणीच रुंद पानं पसरून बसलेला पाणी-मुनवा दिसायला गोंडस, पण बुडात दम नसतो. जात कुठलीही असो, पहिल्या हिवाळ्यात मरतो तो हाच, आणि मग आपण वाणाला दोष देतो.

पायरी तिसरी: देठ कापून बघा

सगळ्यांत जास्त कामाची पायरी हीच.

खायच्या बहुतेक केळी दोन रानटी आजांच्या पोटी आल्या. एक 'अक्युमिनाटा', तिला 'ए' म्हणतात. दुसरी 'बाल्बिसियाना', म्हणजे 'बी'. कॅव्हेंडिश म्हणजे तीन 'ए'. आपली राजापुरी 'एएबी'. भाजीच्या जाड सालीच्या केळी बहुतेक 'एबीबी'. थंडी आणि पाण्याचा ताण सोसण्याची ताकद मुख्यतः 'बी'कडून येते. 'बी' जितके जास्त, तितकी केळ काटक, हा ढोबळ नियम. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी पंधरा लक्षणांना गुण देऊन केळीत 'ए' किती नि 'बी' किती हे ठरवायची पद्धत मांडली. त्यातली बरीच लक्षणं फुलाची आहेत, आणि फूल यायला आपल्याकडे वर्षं लागतात. देठ मात्र आजच हातात आहे.

वरून तिसरं पूर्ण उघडलेलं पान निवडा. पानाचं पातं आणि बुंधा यांच्या मधोमध देठ आडवा कापा, धारदार सुरीने एका झटक्यात, नाहीतर कड चेंगरते. आता कापलेलं तोंड समोर धरा. पन्हळीसारखं उघडं, कडा बाहेरच्या बाजूला पसरलेल्या आणि खाली बुंध्याशी कडेला पातळ, वाळकी झालर? तो 'ए'चा कल. कडा आत वळून एकमेकींना भिडलेल्या, आत पाणी गेलं तर बाहेर यायला वाट नाही, झालर नाही? तो 'बी'चा. कडा उभ्या, ना पसरलेल्या ना मिटलेल्या, म्हणजे मिश्र 'एएबी'सारखं काही.

मी पहिल्यांदा कॅव्हेंडिश आणि ओरिनोको या 'एबीबी' केळीचे देठ शेजारी शेजारी ओट्यावर ठेवले, तेव्हा फरक चष्म्याशिवाय दिसला. एक पन्हळ, दुसरं अळूवडीसाठी कडा दुमडून घेतलेलं पान. तेव्हापासून कुणी मुनवा दिला की मी आधी देठच मागतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही परीक्षा खायच्या केळींची आहे. बासजू, सिक्कीमची केळ, मखमली केळ या वेगळ्याच प्रजाती, 'ए'ही नाहीत आणि 'बी'ही नाहीत. त्यांना ही फूटपट्टी लावाल तर उत्तर येईल, पण ते चुकीचं येईल.

पायरी चौथी: बुंधा आणि पान

आता परसात खरोखर जी नावं भेटतात त्यांच्याकडे येऊ. सगळी सांगत नाही, गोंधळ जिथे होतो तिथेच थांबतो.

बासजू सगळ्यांत जास्त दिसते आणि सगळ्यांत जास्त वेळा दुसऱ्याच नावाने दिसते. नाव जपानी, तिला 'जपानी केळ' म्हणतातही, पण मूळ चीनच्या दक्षिणेकडचं. बुंधा सडपातळ, हिरवा, वाळके सोप कागदासारखे तसेच चिकटून राहतात. पान दोन्ही बाजूंनी एकसारखं ताजं हिरवं, शिर हिरवी-पिवळी, लाल रंगाचा कुठे मागमूस नाही. पातळ असल्याने साध्या वाऱ्याने फाटून झिरमिळ्या होतात. मुनवे बेसुमार. हिचा कंद पाचोळ्याखाली उणे १५ पर्यंतही तगतो आणि याबाबतीत तिचा हात धरणारी दुसरी नाही. फळ खायचं नाही, एवढंच. पूजेला खांब आणि पानं हवीत, तर बासजूसारखी सोय नाही. ज्यांना फळाची घाई नाही त्यांना मी तीच लावायला सांगतो.

हिच्याशी गल्लत होते ती ओरिनोकोची. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या जुन्या घरांमागे जी थोराड केळीची बेटं दिसतात ती पुष्कळदा हीच. तिकडचे लोक 'हॉर्स बनाना' म्हणतात. ही 'एबीबी'. बुंधा बासजूपेक्षा बराच जाड, डाग जवळजवळ नाहीत, देठाच्या मिटलेल्या कडेवर बारीक गुलाबी रेघ. फळ जाड, तीन धारी, कोनदार, एका घडात फण्या थोड्या. कच्चं असताना भाजी आणि काप, पूर्ण पिकलं की खायला गोड. ठेंगणी ओरिनोको पाच-सहा फुटांतच निसवते, त्यामुळे तिचा बुंधा हिवाळ्यात झाकणं सोपं. खायचं केळ हवं असेल आणि ८ब पट्टा असेल, तर माझं मत हिलाच.

राजापुरी इथल्या रोपवाटिकांत 'राजा पुरी' अशी दोन शब्दांत मिळते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऊर भरून आला होता. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला हा वाण इथे "नवशिक्यांसाठी, थंडीला बरा" म्हणून विकला जातो. बुटका, दणकट बुंधा, पानं लांबीच्या मानाने रुंद, देठ ना पन्हळ ना मिटलेला. फळ लहान आणि गोड. हिला राजेळी समजू नका. राजेळी म्हणजे वसईची सुकेळी जिची करतात ती, लांब केळांची. नावं जवळची, झाडं निराळी. काकूंनी बहुधा याहून मोठी उडी मारली होती.

ठेंगणी कॅव्हेंडिश म्हणजे आपली बसराई. जळगाव भागात ग्रँड नैन हा नवा वाण येण्याआधी तिचंच राज्य होतं. इंग्लंडच्या चॅट्सवर्थमध्ये जोसेफ पॅक्स्टनने काचघरात १८३५ च्या सुमारास ती फुलवली आणि मालकाच्या घराण्याचं नाव तिला चिकटलं. इथे बागकामाच्या मोठ्या दुकानांत बिननावाची 'बनाना' म्हणून जे मिळतं ते बहुधा हेच. ओळखायला सोपी. पिल्लू असताना पानावर तांबूस-जांभळे ठिपके, मोठेपणी बुंध्यावर काळे-तपकिरी डाग, देठ आखूड आणि उघडा, झालरीला लाल कड, पानं एकावर एक रचल्यासारखी दाट. केळफुलामागच्या दांड्यावर वाळकी फुलं नि पाकळ्या गळत नाहीत, तशाच लटकतात. थंडीत ही दमते. घड बाहेर पडताना गळ्याशीच अडकतो, याला इकडचे लोकही "गळा दाबला" अशाच अर्थाचं काहीतरी म्हणतात.

पानावरच्या लाल ठिपक्यांनी मात्र फसायला होतं. ठिपके कॅव्हेंडिशच्या बाळालाही असतात, सिक्कीमच्या केळीलाही आणि नाजूक 'झेब्रिना'लाही. कॅव्हेंडिशचे वाढता वाढता जातात. सिक्कीमच्या केळीत कोवळ्या पानावर मरून पट्टे आणि पानाची मागची बाजू व शिर जांभळट, बुंधा दमदार. पूर्व हिमालयात उंचावर वाढणारी ही जात, कंद थंडी बऱ्यापैकी सोसतो. झेब्रिनालाही मागून लाली असते, पण बुंधा मनगटाएवढा बारीक आणि जीव उष्ण कटिबंधाचा. दोघींपैकी कुठली ते ठरत नसेल, तर झाड बाहेर ठेवा आणि त्याचाच एक मुनवा कुंडीत घालून घरात. वसंतात कळेल.

आसाम-अरुणाचलकडची मखमली केळ आणि युनानची 'म्युसेला' यांत गोंधळ होत नाही. मखमली केळीचं फूल आकाशाकडे तोंड करून उभं असतं, फळं गुलाबी, लवदार, पिकली की साल आपोआप उलटते, आत बियाच बिया. म्युसेला गुडघ्या-कमरेएवढी, आणि बुंध्याच्या टोकावर पिवळं कमळ ठेवल्यासारखं फूल महिनोन्‌महिने टिकतं.

निळ्या केळीची गोष्ट

'ब्ल्यू जावा' किंवा 'आइस्क्रीम केळ' म्हणून चमकदार निळ्या केळींचे फोटो फिरतात. ते रंगवलेले फोटो आहेत. खऱ्या ब्ल्यू जावाचं कच्चं केळ चंदेरी-निळसर हिरवं दिसतं, कारण सालीवर मेणाची भुकटी असते. बोट फिरवलं की पुसली जाते आणि खाली साधा हिरवा रंग. पिकल्यावर पिवळं. त्यातही गंमत अशी की त्या नावाने रोप म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा थायलंडची नामवा निघते. ती तमिळ कर्पूरवल्लीच्याच गोतावळ्यातली. दोन्ही 'एबीबी', म्हणून देठ मदत करत नाही. कोवळ्या घडावरची चंदेरी झाक हाच फरक. नामवा निघाली तरी रडू नका, चवीला ती उत्तम.

आणि निळ्या केळीचं "बी" पाकिटात विकणाऱ्याला पैसे देऊ नका. खायच्या केळीला पेरण्याजोगं बी नसतं.

पायरी पाचवी: केळफूल

केळ निसवली की भाजीची घाई करू नका, आधी दोन दिवस केळफुलाकडे बघा. वरची पाकळी उघडून मागे सुरळीसारखी गुंडाळली जाते, की नुसती वर उचलून सपाट राहते? गुंडाळली तर 'ए', उचलली तर 'बी'. पाकळी तोडून आत बघा. 'बी'मध्ये आतला गडद किरमिजी रंग थेट बुडापर्यंत भरलेला असतो, 'ए'मध्ये बुडाकडे फिका पिवळा होत जातो. टोक निमुळतं की बोथट, तेही टिपा. 'बी'चं बोथट. बासजूचं केळफूल या कशातच बसत नाही, ते पिवळट-हिरवं, तपकिरी झाकेचं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी फोटो काढून आईला पाठवण्यात गुंग होतो.

फोटो काढाच, पण ओळखीसाठी असे काढा: अख्खं झाड शेजारी माणूस उभा करून, बुंध्याचा मधला भाग, कापलेला देठ, पानाची मागची बाजू, केळफूल, आणि घड शेजारी नाणं धरून. नुसत्या पानाच्या फोटोवरून कुणी छातीठोक नाव सांगितलं, तर त्याचे आभार मानून विसरून जा.

पायरी सहावी: हिवाळ्याची नोंद

पहिल्या मोठ्या थंडीनंतर वहीत लिहा: किती अंश, किती तास, पान कधी गेलं, बुंधा कुठवर मऊ झाला. मार्चअखेरीस बुंधा वरून चार-चार इंच कापत खाली या. तपकिरी, पाझरणारा गाभा दिसला तर आणखी खाली. पांढरा, कडक, ओलसर गाभा लागला की थांबा. मग चहा करून या. परत येईपर्यंत मधलं वर्तुळ कापाच्या पातळीवरून दोरीच्या जाडीएवढं वर सरकलेलं असतं. झाड जिवंत असल्याची याहून मोठी खूण नाही. शेजारी शेजारी लावलेल्या दोन केळींत एकीचा पांढरा गाभा छातीशी लागला आणि दुसरीचा गुडघ्याशी, तर त्यांची नावं एकच असली तरी वाण बहुधा एक नाहीत.

नावाची पाटी पेन्सिलने लिहा. मी पाटीवर दोन ओळी ठेवतो: वर कुणाकडून आणि कधी आली, खाली देठ कसा. नावाची जागा केळफूल येईपर्यंत कोरी.

आणि भारतातून येताना बॅगेत मुनवा आणू नका, कितीही मोह झाला तरी. परवानगीशिवाय केळीचं रोप आणायला बंदी आहे, आणि कारण रास्त आहे. पर्णगुच्छ आणि मर रोग कंदातूनच प्रवास करतात आणि वरून मुनवा ठणठणीत दिसतो. खरी वेलची हवी असेल, तर इथल्या ऊती संवर्धनाच्या रोपांतच शोधा.

काकूंच्या बेटातला एक मुनवा मी गेल्या वर्षी नव्या शेजाऱ्यांना दिला. पिशवीवर लिहिलं होतं: "बासजू. पूजेसाठी. केळी खाऊ नका." त्यांनी विचारलं, "पण वेलची आहे असं म्हणाल्या ना काकू?"